हिदाच्या पाच रात्री: आधी आंघोळीची वेळ धरा, मग गावं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तुम्ही सगळे जपानला निघालाय. तोक्योच्या दोन मुक्कामांच्या मधे पाच रात्री मोकळ्या आहेत आणि त्यात हिदा भागातली गरम पाण्याची गावं नि जुनी लाकडी शहरं बघायची आहेत. बरोबर सत्तरीतले सासू-सासरे आणि दहा वर्षांची लेक. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासऱ्यांना रक्तदाब आहे आणि ते पूर्ण शाकाहारी आहेत. तुमच्या यादीत गेरो, ताकायामा, शिराकावा-गो, ओकुहिदा, गुजो-हाचिमान आणि कानाझावा अशी सहा नावं आहेत, म्हणजे जवळजवळ रोज नवा मुक्काम. शिवाय सासूबाईंनी आत्ताच सांगून टाकलंय, की चारचौघींत कपडे काढून आंघोळ त्या करणार नाहीत.

मी गेली बरीच वर्षं मराठी कुटुंबांना जपानमध्ये फिरवते आणि हिदाला तर दरवर्षी जाते. त्यामुळे आधी एक काम सांगते: यादीतली गुजो-हाचिमान आणि कानाझावा ही दोन नावं खोडा. गुजोचं खरं वैभव म्हणजे तिथला रस्त्यावरचा नाच. तो जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि १३ ते १६ ऑगस्टला तर रात्रभर रंगतो. नोव्हेंबरमध्ये गाव सुंदरच असतं, पण त्यासाठी वाट वाकडी करावी लागते. कानाझावाला निदान दोन दिवस द्यायला हवेत, पुढच्या खेपेला द्या.

आता नावं का खोडायची ते सांगते, कारण सगळा बेत त्यावर उभा आहे. गरम पाण्याच्या गावात आपण ज्या ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, राहतो त्याचं घड्याळ ठरलेलं असतं. दुपारी तीनला खोली मिळते. तीन ते साडेपाच ही आंघोळीची वेळ. सहा-साडेसहाला जेवण, आणि ते साधं ताट नसतं. आठ-दहा छोट्या छोट्या पदार्थांची ती बैठक असते. रात्री झोपण्याआधी पुन्हा एक डुबकी, पहाटे तिसरी, मग न्याहारी आणि दहा-अकराला खोली सोडायची. माणशी २० ते ३५ हजार येन मोजतो ते या सगळ्या क्रमाचे. संध्याकाळी सातला दमून पोचलात तर अर्धा मुक्काम हातातून गेला म्हणून समजा. माझ्या सुरुवातीच्या एका सहलीत वाटेत एक गाव जास्त बघायच्या हट्टापायी मी सगळ्यांना आठ वाजता पोचवलं होतं. स्वयंपाकघर आवरलेलं, जेवण थंड, आणि मालकीणबाई मात्र वाकून वाकून आमचीच माफी मागत होत्या. तेव्हापासून मी आधी तीन वाजता कुठे पोचायचं ते लिहिते आणि त्याच्या मागे-पुढे गावं बसवते.

हिदा म्हणजे गिफू प्रांताचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग. दक्षिणेकडून नागोयाहून रेल्वेनं आत शिरता येतं, उत्तरेला तोयामा-कानाझावाकडे बाहेर पडता येतं आणि पूर्वेला डोंगर ओलांडून मात्सुमोतोकडे. तुम्हाला तोक्योलाच परतायचंय, म्हणून नागोयाकडून शिरा आणि मात्सुमोतोकडून बाहेर पडा, एकही रस्ता दोनदा होणार नाही. रात्रींची वाटणी अशी: गेरोला एक, ताकायामाला दोन, ओकुहिदाला दोन. शिराकावा-गो ताकायामाहून अर्ध्या दिवसात जाऊन यायचं.

पहिला दिवस. साडेआठच्या सुमाराला शिनकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, तोक्यो सोडा. नागोया पावणेदोन तासांत येतं, तिथं 'हिदा' नावाची जलद गाडी धरायची. गाडी सुटल्यावर तुमच्या खुर्च्या उलट्या दिशेला तोंड करून असतील, गोंधळू नका. वीसेक मिनिटांनी गिफू स्टेशनात गाडीची दिशा बदलते आणि सगळे सरळ होतात. पुढे हिदा नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे येत राहते आणि दीड-पावणेदोन तासांत गेरो येतं. एक वाजता पोचलात की सामान ऱ्योकानमध्ये ठेवा आणि थेट गावात चला.

सासूबाईंचं पाण्याशी नातं इथूनच जुळवायचं. गेरोत रस्त्यारस्त्यावर 'आशियु' आहेत, म्हणजे नुसते पाय बुडवून बसायची छोटी कुंडं, बहुतेक फुकट. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडायचा किंवा साडीचा काठ वर धरायचा, बाकावर बसायचं आणि पाय सोडायचे. दुखऱ्या पायांना दहा मिनिटांत जे वाटतं ते मला शब्दांत सांगावं लागणार नाही, त्या स्वतःच बोलतील. प्रत्येकाच्या पिशवीत एक छोटा पंचा असू द्या, पाय पुसायला तिथं काही नसतं.

गेरोचं नाव कुसात्सु आणि आरिमा यांच्याबरोबर जपानच्या तीन नामांकित झऱ्यांत घेतलं जातं. एदो काळातले, म्हणजे सतराव्या शतकातले, विद्वान हायाशि राझान यांनी तसं लिहून ठेवलं आणि ते आजतागायत टिकलं. गावाची आख्यायिकाही गोड आहे. मूळ झरा डोंगरावर होता, तेराव्या शतकात तो अचानक आटला, आणि मग एक जखमी पांढरा बगळा रोज नदीकाठी येऊन बसू लागला. लोकांनी जाऊन पाहिलं तर तिथून गरम पाणी येत होतं. इथलं पाणी रंग-वासाशिवायचं, अल्कधर्मी आणि हाताला साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. वज्रेश्वरीच्या कुंडांचा गंधकाचा वास डोक्यात ठेवून आलात तर चकित व्हाल. मात्र या बुळबुळीतपणामुळे कुंडाभोवतीची फरशी निसरडी होते. सासूबाईंचा हात धरूनच उतरवा आणि कठडा असेल त्या बाजूनंच.

इथे एक आतली गोष्ट सांगते, पैसे वाचतील. गेरोत गावातल्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून सगळ्या निवासांना वाटलं जातं. पाणी सगळीकडे जवळपास तेच. तेव्हा 'आमचं पाणी खास' असं वाचून जास्त पैसे मोजू नका, जास्तीचे पैसे खोलीसाठी, देखाव्यासाठी किंवा स्वतंत्र कुंडासाठी मोजा. ओकुहिदाचं बरोबर उलटं आहे. तिथं शंभराहून जास्त उगम आहेत, कित्येक निवासांचा स्वतःचा झरा आहे, आणि एका घरचं पाणी नितळ तर शेजारच्या घरचं लोखंडानं तांबूस. तिथं पाणी बघून निवास निवडायचा.

पाणी कसं बघायचं? जपानमध्ये यासाठी १९४८ सालापासून कायदा आहे. उगमाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात हवा, तरच त्याला 'ओनसेन' म्हणता येतं. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावलेला असतो. त्यात पाण्याचं पृथक्करण, कुणी उतरू नये, साधं पाणी मिसळलंय का, वरून तापवलंय का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवलंय का, हे सगळं लिहिणं बंधनकारक आहे. फोननं भाषांतर करून वाचता येतं, फक्त फोन त्या खोलीत काढण्याआधी बाहेर विचारा. आत कॅमेरा दिसणं कुणालाच चालत नाही. बुकिंग करताना 'गेन्सेन काकेनागाशि' हे शब्द शोधा. उगमाचं पाणी थेट कुंडात येतं आणि वाहून जातं, असा त्याचा अर्थ.

आता आंघोळीची रीत. ती सांगताना मला कधीच कंटाळा येत नाही, कारण आपल्या लोकांना ती खरं तर सोपी जाते. कुंड अंग धुवायला नसतंच. आधी नळाशी छोट्या स्टुलावर बसून साबण-शांपूनं स्वच्छ आंघोळ करायची, एकही फेसाचा थेंब अंगावर ठेवायचा नाही, मग कुंडात नुसतं बसायचं. देवळात पाय धुवून शिरावं तसं. केस मोठे असतील तर वर बांधायचे, केसाचं टोकही पाण्याला लागू द्यायचं नाही. आणि तेल! सासूबाई किंवा तुम्ही डोक्याला खोबरेल लावत असाल तर कुंडाच्या दिवशी लावू नका, किंवा दोनदा धुऊन मगच उतरा. पाण्यावर आलेला तवंग सगळ्यांना दिसतो. पोहण्याचा पोशाख चालत नाही. छोटा पंचा आत नेता येतो, पण तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. चांदीचे दागिने खोलीतच काढा, गंधकाचं पाणी असेल तर काळे पडतात. पाळी चालू असेल त्या दिवसांत सामाईक कुंडात उतरू नये.

बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी असते आणि दारावर कापडी पडदा असतो. बहुतेक ठिकाणी तांबडा बायकांचा, निळा पुरुषांचा. पण लक्षात ठेवा, कित्येक निवासांत रात्री या बाजू बदलतात, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही कुंडांचा आनंद मिळावा. काल संध्याकाळी ज्या दारातून गेलात त्याच दारातून पहाटे अर्धवट झोपेत शिरू नका, पडदा बघा. लेक दहा वर्षांची आहे, तिनं तुमच्याच बरोबर यायचं.

सासूबाईंचं काय? त्यांना एका शब्दानंही आग्रह करू नका. 'काशिकिरि-बुरो' नावाची सोय असते, म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटांसाठी आपल्या एकट्यांचं कुंड, आतून कडी. काही ठिकाणी मोफत, काही ठिकाणी थोडे पैसे. बुकिंग करतानाच विचारा आणि पोचल्या पोचल्या वेळ नोंदवा, संध्याकाळच्या वेळा पटकन भरतात. सासू-सासऱ्यांना दोघांना मिळून ते घेऊ द्या. पन्नास वर्षांच्या संसारात एकमेकांशेजारी इतकं निवांत बसायला मिळालं नव्हतं, असं एका आजोबांनी मला सांगितलं होतं. सामाईक कुंडाचं म्हणाल, तर माझा अनुभव असा की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायका आपणहून येतात. आत कुणी कुणाकडे बघत नाही, सगळ्या वयांच्या, सगळ्या आकारांच्या बायका डोळे मिटून बसलेल्या असतात. सासूबाई आल्या तर उत्तम, नाही आल्या तरी काही बिघडत नाही.

सासऱ्यांबद्दल मात्र मी कडक आहे. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या. कुंडाचं पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असतं. थंडीत उघड्या अंगानं एकदम त्यात उतरलं की रक्तदाब वरखाली होतो. आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर पाणी घ्यायचं, याला 'काकेयु' म्हणतात. मग उतरायचं, छातीपर्यंतच बसायचं, पाच-सात मिनिटं पुरे. उठताना एकदम उठायचं नाही. आधी आणि नंतर पेलाभर पाणी. जेवून लगेच नाही, साके, म्हणजे तांदळाची दारू, घेतली असेल तर अजिबात नाही, आणि पहिल्या दिवशी दोनच डुबक्या. एकट्यानं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताकायामा. गेरोहून रेल्वेनं पाऊण-एक तास. इथे मी ऱ्योकान सुचवत नाही, स्टेशनजवळचं पलंगांचं साधं हॉटेल घ्या. दोन रात्री जमिनीवरच्या गादीतून सुटका होते, खर्च खाली येतो आणि जेवणाच्या वेळा तुमच्या हातात राहतात.

हे शहर का टिकलं, ते कळलं की बघण्यात रस वाढतो. हिदात सपाट शेतजमीन थोडी आणि जंगल अमाप. त्यामुळे आठव्या शतकात राजधानीनं इथल्या लोकांकडून कराऐवजी सुतार मागितले. नारा-क्योतोची देवळं आणि वाडे उभारायला हिदाचे सुतार जात, आणि 'हिदा-नो-ताकुमि' म्हणजे हिदाचा कारागीर हे शब्द आजही जपानमध्ये मानानं घेतात. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस कानामोरि घराण्यानं किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी व्यापारी पेठ वसवली. १६९२ मध्ये शोगुनानं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यानं, लाकूड आणि खाणींसाठी हा सगळा मुलूख थेट आपल्या ताब्यात घेतला, कानामोरिंना दुसरीकडे पाठवलं आणि किल्लाही पाडून टाकला. कारभारासाठी राहिली ती कचेरी, 'ताकायामा जिन्या'. अशा कचेऱ्या देशभर होत्या. मुख्य इमारत शाबूत राहिलेली ही एकच. १९६९ पर्यंत ती सरकारी कचेरी म्हणून वापरात होती. साऱ्याच्या तांदळाची कोठारं, चौकशीची खोली, अधिकाऱ्याच्या दर्जाप्रमाणे बदलत जाणाऱ्या चटयांच्या किनारी, सगळं बघा. आत बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात आणि नोव्हेंबरात ती लाकडी जमीन बर्फासारखी गार लागते. सासू-सासऱ्यांना जाड लोकरी मोजे घाला.

सानमाचि ही जुनी पेठ सगळ्यांच्या यादीत असते, आणि सगळे ती अकरा ते तीनमध्ये बघतात. तुम्ही सकाळी सातला बाहेर पडा. मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार सात वाजता सुरू होतो आणि बारापर्यंत असतो. आज्या लाल सलगमाची लोणची, सफरचंदं, घरची मिसो घेऊन बसलेल्या असतात. तिथून पेठेत शिरा. दुकानं बंद, रस्ता रिकामा, गडद लाकडी जाळ्यांच्या ओळी, कडेच्या पन्हळीतून वाहणारं पाणी आणि दारूभट्ट्यांच्या दारावर टांगलेले देवदाराच्या पानांचे गोल गोळे. नवी साके तयार झाली की हिरवागार गोळा टांगतात, तो तपकिरी होत जातो तशी साके मुरत जाते. संध्याकाळी पाचनंतरही हीच शांतता परत येते.

एकच घर आतून बघायचं असेल तर योशिजिमा वाडा बघा. आगीनंतर १९०७ मध्ये पुन्हा बांधलेला. आत शिरल्यावर मान वर करा: तुळया आणि खांब एकमेकांत गुंतत वर गेलेत आणि उंच झरोक्यातून उजेड त्यांच्यावर तिरपा पडतो. मी तिथं दरवेळी अर्धा तास नुसती बसते. शेजारचा कुसाकाबे वाडा १८७९ चा, तो जास्त भारदस्त आहे. दोन्हीत वेळ वाटण्यापेक्षा एकात मनसोक्त थांबा, असं मी म्हणेन. शहराचे दोन उत्सव, १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबर, तुमच्या तारखांत येत नाहीत. त्यातले काही रथ मात्र 'याताई काइकान' या संग्रहालयात आळीपाळीनं ठेवतात, तेवढे लेकीला दाखवा.

तिसऱ्या दिवशी शिराकावा-गो. ताकायामाहून बसनं पन्नास मिनिटं. सकाळची पहिली किंवा दुसरी बस, आरक्षण आधीच करून. दहानंतर तिथं दिवसभराच्या सहलींच्या गाड्या येऊ लागतात, तेव्हा तुमचं निम्मं बघून झालेलं हवं. 'गाश्शो' म्हणजे हात जोडणं. घरांची छपरं नमस्कारासारखी उभी आहेत म्हणून 'गाश्शो-झुकुरि'. साठेक अंशांचा उतार, कारण जड ओला बर्फ घसरून जायला हवा. गवताच्या त्या छपरांच्या पोटात तीन-चार मजले आहेत, तिथं रेशमाचे किडे वाढवत. खाली जमिनीत माती, गवत आणि त्याच किड्यांची विष्ठा मुरवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा करत. म्हणजे ते एकेक घर कारखानाच होतं. छप्पर बदलायची वेळ आली की सगळं गाव मिळून काम करतं, त्याला 'युइ' म्हणतात. आपल्याकडची इर्जिक आठवा. १९९५ पासून ही गावं जागतिक वारसा यादीत आहेत.

सासूबाईंसाठी: घरांतले आतले जिने शिडीसारखे उभे आहेत. 'वादा' नावाचं घर आतून बघता येतं, त्याच्या खालच्या मजल्यावर शेगडीपाशी त्यांना बसू द्या, वर तुम्ही नि लेक जा. वरून गाव दिसतं त्या टेकडीवर चालत जायची गरज नाही, छोटी बस जाते. आणि गावात लोक राहतात. दार उघडं दिसलं म्हणून अंगणात जायचं नाही, आणि आगीची भीती इतकी आहे की सिगारेटचा विचारही नको. एक-दीडच्या बसनं परत फिरा. दमला असाल तर झोपा. उत्साह असेल तर रेल्वेनं पंधरा मिनिटांवरचं हिदा-फुरुकावा गाठा. पांढऱ्या भिंतींची कोठारं, बाजूनं वाहणारा कालवा आणि त्यात रंगीत मोठे कोई मासे. हे गाव मला स्वतःला ताकायामाहून जवळचं वाटतं, कारण तिथं अजून शाळेतून घरी जाणारी मुलं दिसतात.

चौथ्या दिवशी सकाळी बसनं हिरायुकडे, तासाभराचा घाट. ओकुहिदात पाच वस्त्या आहेत: हिरायु, शिन-हिरायु, फुकुजि, तोचिओ आणि शिन-होताका. फुकुजि सर्वांत देखणी, जुन्या लाकडी घरांची, पण तुम्ही हिरायु घ्या. ताकायामा, मात्सुमोतो, कामिकोचिची दरी, रोपवे, सगळ्या बस तिथूनच सुटतात आणि गुडघ्यांचा विचार करता हे महत्त्वाचं. निवासाला आधी कळवलं तर बरेच जण बसस्थानकावर न्यायला येतात.

दोन रात्री इथंच का? कारण हा सगळा भाग उघड्यावरच्या कुंडांसाठी, 'रोतेनबुरो'साठी, ओळखला जातो, आणि पहिल्या दिवशी माणूस बिचकतो, दुसऱ्या दिवशी रमतो. मधल्या दिवशी सकाळी शिन-होताकाचा रोपवे घ्या. दोन टप्पे आहेत, दुसऱ्यात दुमजली पाळणा, वर २,१५६ मीटर. समोर होताकाची रांग. त्यातलं ओकु-होताका ३,१९० मीटर, जपानमधलं तिसरं उंच शिखर. खाली जाकीट पुरेल, वर कानटोपी लागेल. हवा ढगाळ असेल तर तिकिटाचे पैसे घालवू नका. वरच्या कॅमेऱ्याचं चित्र खाली दिसतं, ते बघून ठरवा. त्याऐवजी कामिकोचि करा, हिरायुहून बसनं अर्ध्या तासाच्या आत. तिथं खासगी गाड्यांना मनाई आहे आणि १५ नोव्हेंबरनंतर सगळं बंद होतं, तुम्ही अगदी शेवटच्या दिवसांत पोचताय. १९१५ मध्ये याके-दाके ज्वालामुखीनं नदी अडवली आणि तैशो तळं तयार झालं. त्याच्या काठावरून सपाट वाट आहे, सासूबाईंना झेपेल तितकी चाला. एकाच दिवशी दोन्ही करू नका. तीनला कुंडावर परत.

जेवणाचा प्रश्न सर्वांत अवघड, तो सोपा आहे असं मी सांगणार नाही. भाजी, तोफू, सूप सगळ्यात 'दाशि', म्हणजे चवीसाठी काढलेलं अर्काचं पाणी, असते, आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाची. नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर मासा नसलेलं पण दाशि असलेलं जेवण येतं. शिवाय हिदाचं गोमांस प्रसिद्ध आहे, ऱ्योकानच्या जेवणात ते न सांगता असतं. म्हणून बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा दहा दिवस आधी असं लिहा: 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देसु.' मांस आणि मासे चालत नाहीत, बोनिटोची दाशिही चालत नाही. काही निवास नम्रपणे नाही म्हणतील. ते बरंच, दुसरं शोधता येतं. ऐनवेळी सांगितलं तर मात्र त्यांच्याही हातात काही उरत नाही. ताकायामात बौद्ध मठांचं 'शोजिन' जेवण मिळतं, पूर्ण शाकाहारी, आगाऊ सांगून. रस्त्यावर तांदळाच्या पिठाचे भाजलेले दांगो घ्या, इथले गोड नसतात, नुसत्या सोया सॉसचे. बरोबर मेतकूट, कोरडी चटणी, भडंग असू द्या. गरम भात कुठेही मिळतो, आणि भात-मेतकुटानं सासऱ्यांचा एखादा दिवस निभावतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

मोठ्या बॅगा या भागात आणूच नका. तोक्योच्या पहिल्या हॉटेलातून 'ताक्क्युबिन' सेवेनं त्या तोक्योच्या दुसऱ्या हॉटेलात तारीख घालून पाठवा, माणशी एक छोटी बॅग पुरे. ऱ्योकानमध्ये घालायला युकाता, म्हणजे सुती किमोनो, मिळते. ती घालताना डावी बाजू उजवीवर यायला हवी, उलटी नेसवतात ती मृतांना. पैसे रोख ठेवा, डोंगरातल्या बसमध्ये आणि बाजारात कार्डाचा भरवसा नाही. बिलात माणशी साधारण १५० येन आंघोळीचा कर वेगळा दिसेल, ती चूक नव्हे. ३ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी असते, ती रात्र आणि शनिवारची रात्र ऱ्योकानमध्ये येणार नाही असं बघा, दर चढलेले असतात.

सहाव्या दिवशी हिरायुहून मात्सुमोतोची बस, दीड तास. मात्सुमोतोचा काळा किल्ला राष्ट्रीय ठेवा आहे. आतले जिने फार उभे आहेत, सासू-सासरे खंदकाकाठच्या बाकावर बसून तो जास्त चांगला बघतील. तिथून 'आझुसा' गाडी तोक्योतल्या शिंजुकुला अडीच-पावणेतीन तासांत पोचवते.

एक दिवस नरकचतुर्दशीचा असेल, तर तो ओकुहिदात येईल अशा बेतानं तारखा पुढे-मागे करून बघा. पहाटे पाचला दिवाळीची आंघोळ, उघड्यावर, वाफेत, भोवती काळे डोंगर. उटणं खोलीतल्या न्हाणीघरात लावा आणि तिथंच धुऊन टाका, कुंडात न्यायचं नाही.

बुकिंग या क्रमानं करा: आधी हिरायुच्या दोन रात्री, मग गेरो, मग ताकायामा, आणि रेल्वे-बस विक्री सुरू झाल्यावर. व्हिसाच्या अर्जाला राहण्याची ठिकाणं लागतात, तेव्हा निवास रद्द करता येणारे घ्या. आणि दोन्ही ऱ्योकानना लिहा की एका खोलीत जमिनीवरच्या गाद्यांऐवजी पलंग हवेत आणि जेवायला बसायला खुर्ची-टेबल हवं. हे आधी सांगितलं तर करतात, पोचल्यावर सांगितलं तर खोली शिल्लक नसते.